पामरसाहेबाच्या घरात कोण होतं?

नाना फडणवीस मार्च १८०० मध्ये वारले, तेव्हा मराठी राज्यातलं शहाणपण आणि संयम त्यांच्यासोबतच गेला, अशा अर्थाचं एका इंग्रजाने लिहून ठेवलं. हे तुम्ही शाळेत नक्की ऐकलं असेल. तो इंग्रज म्हणजे विल्यम पामर, १७९८ ते १८०१ या काळातला पुण्याचा रेसिडेंट. त्याचं हे मत आपल्याला पाठ आहे, पण त्याच्या घरात कोण होतं हे कुणी सांगत नाही.

घरात होती फैज बक्श बेगम. दिल्लीकडची, मुसलमान घराण्यातली. लखनौला असताना पामरने तिच्याशी संसार थाटला आणि तो शेवटपर्यंत टिकला. पुण्याच्या रेसिडेन्सीतही ती होती. साधारण १७८५ सालचं या कुटुंबाचं एक अपुरं राहिलेलं चित्र आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात मध्यभागी ती बसली आहे, शेजारी नवरा, भोवती मुलं. लपवाछपवी काही नाही.

आता मुलांकडे बघा. पामरच्या पहिल्या बायकोचा मुलगा जॉन कलकत्त्याचा बडा व्यापारी झाला. फैज बक्शचा मुलगा विल्यम मात्र अडला. १७९१ मध्ये कंपनीने ठरवलं, आई हिंदुस्थानी असेल तर मुलाला मुलकी किंवा लष्करी नोकरी नाही. बाप कंपनीचा जनरल, तरी मुलाला दार बंद! मग तो हैदराबादला निजामाच्या फौजेत गेला आणि पुढे त्याने तिथेच पेढी काढली, पामर आणि कंपनी.

इथे मात्र त्याला बिचारा म्हणून सोडून देऊ नका. ही पेढी निजाम सरकारला जबर व्याजाने कर्ज द्यायची. १८२० चं एकच कर्ज ६० लाखांचं. औरंगाबाद आणि वऱ्हाडातल्या फौजेच्या पगाराला ती पैसा पुरवायची, आणि त्याची वसुली महसुलातून व्हायची. म्हणजे शेवटी भरणारा कोण? शेतकरीच. रेसिडेंट मेटकाफने हे प्रकरण लावून धरलं आणि पेढी बुडाली. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्याच पेढीचा बोजा दुसऱ्यांवर पडला. इतिहासात असं होतं.

या विल्यमची मुलगी मेरी. तिचं लग्न झालं निजामाच्या नोकरीतल्या फिलिप मेडोज टेलरशी, ठगांवरच्या कादंबरीचा तोच लेखक. मेरी १८४४ मध्ये वारली. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड आणि धाराशिवचा मुलूख कंपनीकडे सोपवला, तेव्हा नळदुर्ग जिल्हा टेलरकडे आला. मुक्काम तुळजापूरला. १८५७ च्या धामधुमीत त्याला फौजेशिवाय बुलढाण्याला धाडलं. त्याच्या 'तारा' कादंबरीची नायिका तुळजापूरची आहे, आणि १८७२ च्या 'सीता'मध्ये इंग्रज नवरा आणि हिंदू बायको आहे. हा विषय त्याच्या सासरच्या घरातलाच होता, हे लक्षात ठेवून ती वाचा.

टेलरचं आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये मुलगी ॲलिसने संपादित केलं. ॲलिस म्हणजे फैज बक्शची पणती. तुळजापूर-बुलढाण्याच्या अभ्यासासाठी आपण जे पुस्तक उघडतो, ते त्या बेगमेच्या पणतीच्या हातून आलंय!

मी गोंदिया जिल्ह्यातली. विदर्भाच्या या टोकाला इंग्रज म्हटलं की आम्हाला रेल्वे आठवते, त्या टोकाला बुलढाण्यात कलेक्टर आठवत असेल. इंग्रज आले, राज्य केलं, गेले, असं आपण सरसकट म्हणतो. पण 'ते' आणि 'आपण' यांच्यातली रेघ पामरांच्या एकाच घरातून जात होती, आणि ती कंपनीने आईकडे बघून ओढली. म्हणून माझ्या टिपणवहीत आता प्रत्येक साहेबाच्या नावापुढे मी एक रकाना ठेवते: आई कोण? बरेच रकाने रिकामे आहेत. पण रकानाच नसता, तर ते रिकामे आहेत हेही कळलं नसतं.