ग्लायडर

* लेखकाने इथे वादळांच्या अंदाजाचे सारे श्रेय उपग्रहांना दिले आहे. ते जरा उदारपणाचे वाटते. दाट ढगांखालच्या समुद्राचे तापमान उपग्रहाच्या अवरक्त कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि पाण्याच्या पोटातले तर मुळीच नाही. २०११च्या ऑगस्टमध्ये ‘आयरीन’ चक्रीवादळ न्यू जर्सीवर आले, तेव्हा रटगर्स विद्यापीठाचा ग्लायडर (पाण्यात फिरणारे मानवरहित मोजमाप-यंत्र) तिथल्या उथळ समुद्रात बुड्या मारत होता. पोटात थोडे पाणी घेऊन तो बुडतो, ते बाहेर टाकून वर येतो; पंखांमुळे तिरका सरकतो आणि पृष्ठभागावर आला की शेपटीतल्या अँटेनाने मोजमापे धाडतो. त्या किनाऱ्याला उन्हाळ्यात कोमट थराखाली हिवाळ्यातले गार पाणी दडलेले असते. वादळाचा डोळा पोचण्याआधीच ते घुसळून वर आल्याचे ग्लायडरने टिपले. अंदाजाची प्रारूपे मात्र कोमट पाणीच धरून बसली होती, त्यामुळे वादळाचा जोर त्यांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगितला. — संपा.