ठराव, विधेयक, कायदा आणि सातबारा : महार वतनाच्या तीस वर्षांचा धडा



आपल्याकडे एक सवय झाली आहे. मंत्र्याने घोषणा केली की आपण पेढे वाटतो, शासन निर्णय निघाला की बॅनर लावतो आणि कायदा झाला की लढा संपला म्हणतो. या तीन गोष्टी एक नाहीत. त्यांच्यातल्या फटींतच आपल्या आजोबा-पणजोबांच्या जमिनी गेल्या. म्हणून महार वतनाचा इतिहास पुन्हा वाचायला हवा. भावनेने तो बराच वाचून झाला. आता कागद समोर ठेवून वाचू.

सुरुवात बोले ठरावापासून करू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टे, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. सप्टेंबरमध्ये सरकारने खात्यांना तसे कळवले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर सगळे झाले!

पण १९१९ च्या सुधारणा कायद्याखालच्या कौन्सिलात ठराव म्हणजे सरकारला केलेली शिफारस होती. तो मोडणाऱ्याला शिक्षा नाही, न पाळणाऱ्या पालिकेला दंड नाही. तीन वर्षांनी, १९२६ मध्ये, बोल्यांनाच पुन्हा उभे राहावे लागले आणि ठराव न पाळणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखा, असा दुसरा ठराव आणावा लागला. तरीही मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले तेव्हा डोकी फुटली ती आपलीच. आणि ऑगस्ट १९२७ मध्ये महाड पालिकेने आपला १९२४ चा ठराव सरळ रद्द करून टाकला. ठरावाने दिलेले ठरावाने काढून घेता येते. कायद्याने दिलेले काढायला निदान दुसरा कायदा लागतो. पाण्याचा हक्क शेवटी मिळाला तो १९३७ मध्ये, हायकोर्टाच्या निकालाने.

बाबासाहेब १९२७ च्या आरंभी कौन्सिलात नेमलेले सभासद म्हणून आले होते. महाडचा अनुभव ताजा होता. मला वाटते, म्हणूनच वतनाच्या प्रश्नावर त्यांनी नुसता ठराव मांडला नाही. थेट १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याला हात घातला.

हे वतन नेमके काय होते, हे आजच्या पोरांना सांगावे लागते. महाराने गावाची आणि सरकारची अशी दोन्हीकडची चाकरी करायची. वेस राखायची, शिव दाखवायची, टपाल आणि सांगावा पोचवायचा, सरकारी पैसा तालुक्याला नेताना सोबत जायचे, साहेब आला की त्याच्या पुढेमागे धावायचे. रात्र-दिवस हुकमाची वाट पाहायची. तो आजारी असला तर घरातल्या दुसऱ्याने हजर व्हायचे. मोबदला काय? तुटपुंजी इनाम जमीन, पिढ्यांच्या वाटण्यांनी तुकडे झालेली, आणि रयतेने खळ्यावर द्यायचे बलुते. म्हणजे काम सरकारचे आणि पगार शेतकऱ्याच्या मर्जीवर. मेलेले ढोर ओढायला नकार दिला, पोराला शाळेत घातले, की बलुते बंद. सामाजिक बहिष्काराचे हत्यार गावाच्या हातात दिले होते ते या कायद्यानेच.

त्यांनी आधी काय केले ते पाहा. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारता'त वतनाच्या प्रश्नावर सविस्तर लेख लिहिले. सभा घेतल्या. कारण विरोध फक्त पाटलांचा नव्हता. 'वतन गेले तर जमीन जाईल, गावातला हक्क जाईल' ही भीती खुद्द महारवाड्यात होती. बावन्न हक्कांची आठवण सांगणारे म्हातारे होते. वतनाला मान समजणाऱ्या माणसाला ते बेडी आहे हे पटवणे, हे धोरण बनवण्याचे पहिले आणि सर्वांत अवघड काम. ते विधिमंडळात होत नाही.

मार्च १९२८ मध्ये त्यांनी विधेयक मांडले. त्याची मांडणी अभ्यासण्यासारखी आहे. एका फटक्यात वतन रद्द करा, असे ते म्हणाले नाहीत. ज्याला चाकरी सोडायची आहे त्याने पूर्ण सारा भरून जमीन रयतावा म्हणून ठेवावी. बलुत्याऐवजी रोख पट्टी ठरवून ती महसुलाबरोबर वसूल करावी. महाराने कोणकोणती कामे करायची ते नियमांत लिहून काढावे. म्हणजे जमीन राहील, गुलामी जाईल आणि गावाच्या हातातले बलुत्याचे शस्त्र निघेल.

ऑगस्ट १९२८ मध्ये चर्चा झाली आणि विधेयक सिलेक्ट कमिटीकडे गेले. इथे थांबा. भाषणांना टाळ्या सभागृहात पडतात, पण कलमांची काटछाट कमिटीच्या बंद खोलीत होते. शिवाय जमीन महसूल हे त्या काळात राखीव खाते होते. लोकनियुक्त मंत्र्याकडे ते नव्हते, गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे होते. फुकटात मिळणारे हजारो चाकर कोणते महसूल खाते सोडील? सरकारचा पाठिंबा मिळाला नाही आणि १९२९ मध्ये बाबासाहेबांना विधेयक मागे घ्यावे लागले.

त्यांनी प्रश्न सोडला नाही. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार घेऊन ते विधानसभेत गेले तेव्हा खोती आणि महार वतन हे दोन्ही विषय पुन्हा पटलावर आणले. आता काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते, आपलेच लोक म्हणवणारे. विधेयके तशीच पडून राहिली. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावच्या परिषदेत वतनदार पुन्हा जमले ते वतनी जमिनीवरच्या वाढत्या आकारणीविरुद्ध.

स्वातंत्र्यानंतर वतने रद्द करण्याचा क्रमही बोलका आहे. परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा. कनिष्ठ गावनोकरांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा, अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून. नावातच 'कनिष्ठ'! बाबासाहेब तो पाहायला राहिले नव्हते. तोवर धर्मांतर झाले होते, लोकांनी महारकी टाकून दिली होती आणि १९५७ च्या निवडणुकीत शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे आमदार निवडून आले होते. माझ्या मते, सरकारला जाग आली ती या रेट्यामुळे.

आता त्या कायद्याची कलमे बघा. वतनी जमीन आधी सरकारजमा. मग वतनदाराने पूर्ण आकाराच्या तिप्पट रक्कम ठरलेल्या मुदतीत भरली तर ती त्याला परत. न भरली तर तो आपल्याच बापजाद्यांच्या जमिनीवर अनधिकृत कब्जेदार. परत मिळालेली जमीनही नव्या शर्तीची, कलेक्टरच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाही. पिढ्यान् पिढ्या फुकट राबलेल्या माणसाला भरपाई द्यायची सोडून त्याच्याकडूनच किंमत घेतली. आज सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' दिसते, शर्तभंगाची नोटीस येते, शहराजवळची महारकीची जमीन बिल्डरच्या नावावर निघते. या सगळ्याची मुळे त्या कलमांत आणि त्या मुदतीत आहेत. ती मुदत किती वाड्यांपर्यंत पोचली होती? तलाठ्याने ती कोणाला सांगितली होती?

कायद्यानंतरचे नियम ही आणखी एक फट. अॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा, लागू झाला ३० जानेवारी १९९० ला आणि त्याचे नियम आले ३१ मार्च १९९५ ला. पीडिताला आर्थिक मदत किती, तपास कोणत्या दर्जाचा अधिकारी करणार, दक्षता समिती कोण नेमणार, हे सगळे नियमांत आहे. म्हणजे पाच वर्षे कायदा होता आणि ही यंत्रणा नव्हती. त्या पाच वर्षांत नियमांसाठी किती मोर्चे निघाले, आपल्या जुन्या कार्यकर्त्यांना विचारा.

सध्या अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी इतरत्र वळवला जाऊ नये म्हणून कायदा करा, ही मागणी जोरात आहे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने असे कायदे २०१३ मध्ये केले. मागणी रास्तच आहे. पण निवेदनात 'कायदा करा' एवढेच लिहून देऊ नका. मसुदा आपण लिहिला आहे का? खर्च न झालेला निधी पुढच्या वर्षी जाईल की बुडेल, हे कोणत्या कलमात येते? निधी वळवणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा आहे का? नियम किती महिन्यांत करायचे, हे कायद्यातच लिहिले आहे का? त्या दोन राज्यांचे कायदे मिळवा, कलमवार वाचा आणि पुढच्या बैठकीला पेन घेऊन या.