सिकलसेल : जन्मानंतर बंद पडलेले जनुक पुन्हा चालू करणारी कॅप्सूल

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार या पट्ट्यात सिकलसेल हे नाव कोणाला नवे नाही. पण बाळ पहिले पाच-सहा महिने धडधाकट असते आणि मग अचानक हातापायाला सूज, रडारड, कावीळ सुरू होते, ते का? कोणी नजर लागली म्हणतं. कारण रक्तात आहे.

पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते आणि ते बनवणारे जनुकही वेगळे. जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद पडत जाते आणि मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनचे जनुक कामाला लागते. सिकलसेलचा बिघाड या दुसऱ्या जनुकात असतो. त्यामुळे लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि अंग ठणकते. नवजात बाळांच्या पेशी कमी वाकतात, हे न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच दाखवले होते.

बंद पडलेले जनुक नष्ट होत नाही. मोटार विहिरीवरच असते, फक्त स्टार्टर बंद, तसं. जनुक चालू आहे की बंद, आणि चालू असेल तर किती, याला शास्त्रात जनुक अभिव्यक्ती म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट एवढीच.

हायड्रॉक्सीयुरिया हे मूळचे कर्करोगाचे औषध. ते हा स्टार्टर थोडाफार पुन्हा चालू करते. अमेरिकेत १९९५ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत वेदनांचे झटके ४४ टक्क्यांनी कमी झाले. मात्र ही दुखल्यावर घ्यायची गोळी नव्हे. रोज घ्यावी लागते आणि गुण यायला काही महिने जातात. ‘पंधरा दिवस खाल्ली, फरक नाही’ म्हणून सोडली तर जनुक जागे व्हायला वेळच मिळत नाही. पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून ठरल्या वेळी रक्ततपासणी हवीच. मूल हवे असेल तर नवरा-बायको दोघांनीही आधी डॉक्टरांना सांगावे.

२०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत कॅसजेव्ही या जनुक उपचाराला मंजुरी मिळाली. हे जनुक दाबून ठेवणारी कळच त्यात तोडतात. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे आपल्यासाठी सध्या कॅप्सूलच.

वाहकाला ही कॅप्सूल लागत नाही. पण दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळाची शक्यता २५ टक्के असते. म्हणून सोयरीक ठरवण्याआधी तपासणी करावी. रुग्णाला ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.