कोड कोणाच्या हातात?

ब्रिटनमध्ये २०१५च्या जूनपर्यंत घरच्या ब्रॉडबँडची कंपनी बदलायची, तर बहुतेक ग्राहकांना आधी जुन्या कंपनीकडून एक कोड मागून घ्यावा लागे. ‘मायग्रेशन ऑथोरायझेशन कोड’ हे त्याचे पूर्ण नाव. व्यवहारात सगळे ‘मॅक’ म्हणत. (संगणकाच्या ‘मॅक ॲड्रेस’शी त्याचा काही संबंध नाही, जुने कागद वाचताना ही गल्लत आधी दूर ठेवावी लागते.) कोडची घडण ठरलेली असे. आरंभी बीबीआयपी किंवा एफटीआयपी यांसारखी चार अक्षरे, पुढे आकड्यांची रांग, मग एक तिरकी रेघ आणि रेघेनंतर अक्षरे व आकडे मिसळलेली पाच चिन्हे. सगळी मिळून सतरा-अठरा चिन्हे भरत. हा कोड नव्या कंपनीला दिला की तीच तांब्याची जोडतार नव्या नावाने चालू राही आणि सेवा फारशी खंडित होत नसे.

कोडचे आयुष्य ३० दिवसांचे. तेवढ्यात वापरला नाही तर तो बाद. त्यामुळे खुद्द कोड गोळा करून या पद्धतीचा इतिहास उभा करता येत नाही. ज्या कागदांनी त्याला बंधनकारक केले, ज्यांनी त्याच्यावर आक्षेप घेतले आणि ज्यांनी तो रद्द केला, ते एकापुढे एक ठेवूनच तो वाचावा लागतो.

पहिला पक्का आधार म्हणजे ‘ऑफकॉम’ या दूरसंचार नियामकाची सर्वसाधारण अट क्रमांक २२. ती १४ फेब्रुवारी २००७ रोजी अमलात आली. अटीचा मजकूर रुक्ष असला तरी बोलका आहे. ग्राहकाने मागितल्यावर कंपनीने पाच कामकाजी दिवसांत कोड द्यायचा. त्यासाठी पैसे घ्यायचे नाहीत. नकार द्यायचा तर त्याची मोजकीच कारणे मान्य आहेत: मागणारा माणूस तोच ग्राहक आहे याची खात्री पटत नाही, करार आधीच संपलेला आहे, किंवा आधी दिलेला कोड अजून चालू आहे. बिलाची थकबाकी हे त्यातले कारण नव्हते.

एखादी गोष्ट कायद्याने बजावून सांगावी लागते तेव्हा ती तोवर होत नसावी, असा तर्क मनात येतोच. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा एक पायरी मागे, २००६च्या कागदांत मिळतो. त्या ऑगस्टमध्ये ऑफकॉमने ब्रॉडबँड स्थलांतराविषयी एक सल्लामसलत-पत्र काढले आणि १३ डिसेंबरला अंतिम निवेदन प्रसिद्ध केले. दोन्ही एकत्र वाचले की दोन गोष्टी निश्चित होतात. एक, मॅक ही ऑफकॉमची निर्मिती नाही. कोड आधीपासून वापरात होता आणि त्याचे नियम कंपन्यांनी आपसात मान्य केलेल्या ऐच्छिक आचारसंहितेत होते. दोन, जी कंपनी ही संहिता पाळत नसे तिचा ग्राहक अडकून पडे. कोड मिळाला नाही तर जुनी जोडणी पूर्ण तोडून नवी घेणे, आणि मधले दिवस इंटरनेटवाचून काढणे, एवढाच रस्ता उरे.

त्याच कागदांत आणखी एक अडचण नोंदलेली आहे: तारेवरची खूण. एखाद्या तारेवर ब्रॉडबँड चालू असल्याची नोंद घाऊक यंत्रणेत असली, की दुसऱ्या कंपनीची मागणी तिथे स्वीकारली जात नसे. आता नव्या घरात राहायला आलेल्या माणसाचा विचार करा. त्याच्या तारेवरची खूण आधीच्या भाडेकरूची. कोड मागायचा कोणाकडे? तो ज्या कंपनीचा ग्राहकच नाही, ती त्याला कोड देणार नाही. एवढ्या एका उदाहरणातूनही या व्यवस्थेचे मूळ गृहीतक उघडे पडते. कोड मिळायचा तो जुन्या कंपनीशी नाते असेल तरच.

हे सगळे २००६ सालीच का साचले? इथे मी निष्कर्ष काढतो आहे आणि तो तसाच वाचावा. जानेवारी २००६मध्ये ब्रिटिश टेलिकॉमच्या तारांचे जाळे सांभाळण्यासाठी ‘ओपनरीच’ हा स्वतंत्र विभाग सुरू झाला. एप्रिलमध्ये ‘टॉकटॉक’ने दूरध्वनीच्या योजनेबरोबर ब्रॉडबँड फुकट देण्याची घोषणा केली. प्रतिस्पर्धी कंपन्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये स्वतःची उपकरणे बसवून तारा थेट ताब्यात घेऊ लागल्या होत्या. कंपनी बदलण्याचे आमिष एकाएकी मोठे झाले आणि बदलण्याची वाट मात्र ऐच्छिक संहितेवर उभी होती. तारखा इतक्या जवळ आहेत की योगायोग मानणे मला जड जाते.

यानंतर तीन वर्षे कागद सांगतात ते अंमलबजावणीचे. दिशा बदलते ती सप्टेंबर २०१०मध्ये, ऑफकॉमने ग्राहकांच्या कंपनी-बदलाचा धोरणात्मक आढावा सुरू केला तेव्हा. फेब्रुवारी २०१२च्या पत्रात आणि ऑगस्ट २०१३च्या निवेदनात प्रश्नच वेगळा विचारलेला दिसतो. २००७मध्ये विचारले होते, कोड वेळेवर मिळतो का? आता विचारले, कोड मागायला जुन्या कंपनीकडे जायचेच कशाला?

या प्रश्नाला आधार होता तो शेजारच्याच व्यवहाराचा. त्याच तांब्याच्या तारेवरचा दूरध्वनी बदलताना कोड लागत नसे. नवी कंपनी मागणी नोंदवी, दोन्ही कंपन्या ग्राहकाला पत्र पाठवत आणि दहा कामकाजी दिवसांनी बदल होई. एकाच तारेवर दोन रिवाज. कोडच्या वाटेवर ग्राहकाला जुन्या कंपनीला फोन करावा लागे, आणि तो फोन म्हणजे कंपनीला आयती सूचनाच: हा माणूस चालला आहे, त्याला थांबवा. तिथे सवलतीचा प्रस्ताव पुढे येई. एखाद्या ग्राहकाचा त्यात फायदाही होत असेल. पण ऑफकॉमचा आक्षेप बाजाराविषयी होता. जाणाऱ्याला शेवटच्या क्षणी रोखता येत असेल, तर नव्या कंपनीने स्वस्त दर देऊन त्याला बोलावण्यात काय राम उरतो?

मॅकची दुसरी बाजूही तोलली पाहिजे, आणि ती हलकी नाही. कोड ग्राहकाच्या हातात असेपर्यंत त्याच्या नकळत कोणी त्याची जोडणी पळवू शकत नसे. दूरध्वनीच्या बाजूला असे प्रकार घडत होते. दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांपासून चुकीचा पत्ता नोंदणाऱ्या कारकुनापर्यंत त्यांची कारणे अनेक होती. ऑफकॉमने ही जोखीम ओळखली होती, हे २०१३च्या निर्णयातून स्पष्ट होते. कोड काढून घेताना ग्राहकाच्या संमतीची नोंद ठेवणे नव्या कंपनीवर बंधनकारक झाले, आणि दोन्हीकडची पत्रे व दहा दिवसांची मुदत कायम राहिली. २० जून २०१५ रोजी मॅक संपला.

पण हा निर्णय ओपनरीचच्या आणि हल शहरातल्या स्थानिक कंपनीच्या तांब्याच्या तारांपुरताच होता. केबलवरून किंवा स्वतंत्र फायबरवरून तांब्यावर, अथवा उलट, जायचे तर ग्राहकाने एक सेवा बंद करायची, दुसरी सुरू करायची आणि तारखा आपणच जुळवायच्या. तिथे कोडही नव्हता आणि पत्रेही नव्हती.

पुढचा धागा ब्रसेल्समधून येतो. ११ डिसेंबर २०१८ रोजीच्या युरोपीय दूरसंचार संहितेच्या कलम १०६ने ठरवले, की बदलाची प्रक्रिया नव्या कंपनीने चालवायची. ती देशी कायद्यात उतरवण्याची मुदत होती २१ डिसेंबर २०२०. ब्रिटन युरोपीय युनियनमधून बाहेर पडला होता, पण संक्रमणकाळ ३१ डिसेंबरला संपायचा होता. म्हणून ते कलम लंडनलाही लागू झाले.

आणि नेमक्या याच वळणावर कोड परत येतो. ३ फेब्रुवारी २०२१च्या ऑफकॉमच्या पत्रात दोन पर्याय शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. एक ‘वन टच स्विच’, ज्यात ग्राहक फक्त नव्या कंपनीशी बोलतो. दुसरा ‘कोड टू स्विच’, ज्यात तो जुन्या कंपनीकडून कोड आणि माहिती घेऊन नव्या कंपनीला देतो. सहा वर्षांपूर्वी जे मोडीत काढले, ते नवे नाव घेऊन पुन्हा चर्चेला आले होते.

हा पर्याय निरर्थक नव्हता, कारण मोबाइलमध्ये ऑफकॉमने तोच निवडला होता. १ जुलै २०१९पासून ब्रिटनमध्ये ६५०७५ या क्रमांकावर एसएमएस केला की कोड हाती येतो. आपल्याकडे १९०० क्रमांकावर ‘पोर्ट’ लिहून आठ चिन्हांचा यूपीसी मिळवलेल्या कोणालाही ही रीत लगेच कळेल. मग मोबाइलला जे चालले ते घरच्या तारेला का नाही? ऑफकॉमचे लेखी कारण ग्राहकाच्या त्रासाचे आहे. बदलायचे नाही असे ठरवणाऱ्यांपैकी ४१ टक्के लोकांना एकाहून अधिक कंपन्यांशी बोलण्याचा व्याप नको वाटला, आणि बदलणाऱ्यांपैकी २४ टक्क्यांना जुन्या कंपनीच्या नकोशा आर्जवांना तोंड द्यावे लागले, असे आकडे ऑफकॉमने दिले. माझा त्यापुढचा तर्क असा: मोबाइलमधला एसएमएस त्याच सिममधून जातो, म्हणजे मागणाऱ्याची ओळख त्या मागणीतच पटते. घराच्या तारेला अशी जीभ नाही. तिथे ओळख पटवायची ती नाव आणि पत्ता यांवरूनच. मग ते काम कंपन्यांनी आपसात का करू नये?

२८ सप्टेंबर २०२१ रोजी निर्णय झाला: वन टच स्विच. बदलाच्या दिवसानंतरच्या नोटीस-काळाचे पैसे आकारायला बंदी आली. एका कामकाजी दिवसाहून अधिक काळ सेवा खंडित राहिली तर भरपाई ठरली. अंमलाची तारीख होती ३ एप्रिल २०२३.

त्या तारखेला काहीच सुरू झाले नाही. कंपन्यांना एकमेकींशी निरोपांची देवाणघेवाण करण्यासाठी सामाईक केंद्र हवे होते. ते उभारण्यासाठी ‘टॉट्सको’ ही कंपनी स्थापन झाली होती, पण काम मागे पडले. मुदत टळण्याआधीच ऑफकॉमने अंमलबजावणीची चौकशी उघडली. व्यवस्था प्रत्यक्ष चालू झाली १२ सप्टेंबर २०२४ रोजी, ठरल्याहून १७ महिने उशिरा.

आता या व्यवस्थेच्या तांत्रिक नियमांकडे वळू. ग्राहक नव्या कंपनीला नाव, पत्ता आणि सध्याच्या कंपनीचे नाव सांगतो. ही माहिती केंद्रामार्फत जुन्या कंपनीकडे जाते. तिच्या दप्तराशी ती जुळली, की जुनी कंपनी दोन गोष्टी करते. करार मोडण्याचे शुल्क आणि इतर परिणाम ती ग्राहकाला कळवते. आणि नव्या कंपनीला ती ‘स्विच ऑर्डर रेफरन्स’ धाडते: अक्षरे आणि आकडे यांची एक लांबलचक, फक्त त्याच बदलापुरती माळ. पुढची मागणी नोंदवताना नव्या कंपनीने तीच माळ परत द्यायची असते, नाहीतर बदल होत नाही.

म्हणजे जुनी कंपनी आजही कोड देते, आणि त्याच्यावाचून तार आजही हलत नाही. फरक एवढाच, की तो आता ग्राहकाला मागावा लागत नाही आणि दिसतही नाही.