दहा फुटांची चाके

२४ ऑक्टोबर १९३९ रोजी शिकागोहून एक गाडी बॉस्टन बंदराकडे निघाली. लांबी पंचावन्न फूट, रुंदी जवळजवळ वीस फूट, वजन सुमारे ३४ टन आणि चाके फक्त चार. एकेक टायर दहा फूट उंच, म्हणजे शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट. तिचे नाव ‘अंटार्क्टिक स्नो क्रूझर’. ॲडमिरल रिचर्ड बर्ड यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकी सरकारच्या मोहिमेसाठी ती बांधली होती. रचनाकार होते शिकागोच्या आर्मर इन्स्टिट्यूटमधले थॉमस पोल्टर. बर्ड यांच्या १९३३-३५ च्या मोहिमेत ते वरिष्ठ शास्त्रज्ञ होते. ट्रॅक्टर घेऊन ध्रुवीय रात्रीत बर्ड यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या तुकडीचे नेतृत्वही त्यांनीच केले होते. म्हणजे बर्फ त्यांना ठाऊक नव्हता, असे म्हणता येणार नाही.

हल्ली जीप किंवा तत्सम गाडी घेतली, की पहिला खर्च मोठ्या टायरांवर होतो. मोठा टायर म्हणजे कुठेही जाण्याचा परवाना, अशी एक समजूत त्यामागे असते. ही समजूत किती खरी, हे तपासायला स्नो क्रूझरइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडले नाही. मोठा टायर निवडताना आपण नेमके काय निवडत असतो, याचे उत्तर तिच्या अपयशात आहे.

गाडी कल्पकतेने भरलेली होती. आत राहण्याची खोली, स्वयंपाकघर, प्रयोगशाळा, छायाचित्रांसाठी अंधारी खोली. टपावर विमान ठेवण्याची सोय. डिझेल इंजिनांनी वीज तयार करायची आणि प्रत्येक चाक वेगळ्या विद्युत मोटारीने फिरवायचे, अशी योजना. बर्फातली भेग ओलांडताना चाके वर ओढून घेता येत. थंडीने रबर तडकू नये म्हणून इंजिनाचा गरम धूर चाकांच्या घरांत फिरवला होता. टायर मात्र मुळात दलदलीत चालणाऱ्या मोठ्या गाडीसाठी बनवलेल्या प्रकारातले होते. त्यांच्यावर नक्षी नव्हती. झिजलेल्या टायरला आपल्याकडे ‘गोटा झाला’ म्हणतात. हे नवेकोरे असतानाच गोटा होते.

बॉस्टनच्या वाटेवर, ओहायो राज्यात, गाडी पुलावरून ओढ्यात घसरली आणि तीन दिवस तिथेच अडकली. तरी ती बंदराला वेळेवर पोहोचली आणि जानेवारी १९४० मध्ये अंटार्क्टिकात उतरली. उतरतानाच लाकडी उतार मोडू लागला. पोल्टर यांनी पूर्ण जोर लावून गाडी पुढे काढली म्हणून ती वाचली. खरी परीक्षा पुढे होती. मऊ बर्फात चाके तीन-तीन फूट रुतली आणि जागच्या जागी फिरू लागली. दोन जादा टायर पुढच्या चाकांना जोडून त्यांची रुंदी दुप्पट केली, मागच्या चाकांना साखळ्या बांधल्या. एवढे करून कळले ते असे, की गाडी उलटी जास्त बरी चालते. तिचा सर्वांत लांबचा प्रवास १४८ किलोमीटरचा झाला, तोही सगळा रिव्हर्स गिअरमध्ये. महिना संपण्याआधी पोल्टर परतले. मागे राहिलेल्यांनी गाडीचे घर केले आणि त्यात राहून भूकंपलहरी, वैश्विक किरण व बर्फाचे नमुने यांचा अभ्यास केला.

असे का झाले, हे समजायला थोडे गणित करावे लागेल. गाडीचे ओझे मुख्यतः टायरमधली हवा तोलते. म्हणून टायरचा जमिनीवरचा दाब साधारणपणे आतल्या हवेच्या दाबाइतका असतो. दोन टनांच्या जीपचे एका चाकावर येणारे वजन ५०० किलो, म्हणजे सुमारे ११०० पौंड. चौरस इंचाला ३० पौंड हवा असेल, तर टायर सुमारे ३७ चौरस इंच जमिनीवर टेकेल. हवा १० पौंडांवर आणली, तर तोच टायर ११० चौरस इंच पसरेल. टायरच्या बाजूही थोडे ओझे उचलतात, पण हिशेबाचा कल हाच राहतो. बैलगाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी धाव पावसाळ्यात काळ्या रानात खोल का उतरते आणि टायरगाडी तिथे वरचेवर का राहते, त्याचेही उत्तर यातच आहे.

हे शास्त्र स्नो क्रूझरच्या आधीच लोकांच्या हाती आले होते. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९२९ पासून फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन इजिप्तच्या पश्चिमेकडचे वाळवंट पालथे घातले. वाळू मऊ लागली की टायरमधली हवा कमी करायची, रुतलेच तर चाकाखाली पोलादी पन्हळी सरकवायच्या, आणि ओझ्यातला प्रत्येक किलो मोजायचा. १९४० मध्ये त्यांनी कैरोत ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ उभा केला, तेव्हा त्याच्या ट्रकांना रुंद, कमी हवेचे टायर होते. अमेरिकेतही १९३२ मध्ये ॲलिस-चाल्मर्सच्या ट्रॅक्टरला पोलादी चाकांऐवजी कमी दाबाचे हवेचे टायर बसले होते.

युद्धानंतर मेचिस्लाव बेकर या पोलिश अभियंत्याने मऊ जमिनीवरच्या वाहतुकीचे शास्त्रच मांडले. त्यांचा ग्रंथ १९५६ चा. तेवढ्याच क्षेत्रफळाचा ठसा आखूड-रुंद असण्यापेक्षा लांब-अरुंद असला, तर चाक कमी विरोध सोसते, हा त्यातला एक निष्कर्ष. हवा कमी केल्यावर टायरचा ठसा मुख्यतः लांबीतच वाढतो. म्हणून टायर निवडताना नुसत्या रुंदीला भुलू नये. उंची अधिक कामाची असते.

उंची आणि सौम्य दाब यांची सांगड घातली ती आइसलँडच्या लोकांनी. १९८० च्या दशकात तिथल्या हौशी चालकांनी जीपचे मडगार्ड कापून ३८ इंची, पुढे ४४ इंची टायर बसवले आणि हवा दोन-तीन पौंडांपर्यंत उतरवली. इतक्या कमी हवेत टायर रिमवरून निसटू नये म्हणून तो चिकटवण्याचीही युक्ती केली. हिमनदीवर गाडी जवळजवळ तरंगू लागली. आता तुलना पाहा. अडीच टनांच्या अशा जीपच्या एका चाकावर सव्वासहाशे किलो येतात, स्नो क्रूझरच्या चाकावर साडेआठ हजार. म्हणजे चाक तिप्पट उंच, त्याचा ठसा फार तर दहापट, पण ओझे जवळजवळ चौदापट. पोल्टर यांनी चाक मोठे केले. त्याहून वेगाने गाडी मोठी झाली.

मोठ्या टायरची किंमत दुकानातल्या बिलापुरती नसते. ३० इंचांऐवजी ३५ इंची टायर लावला, की काटा ६० दाखवताना गाडी प्रत्यक्षात ७० ने धावते. प्रत्येक गिअर तेवढ्याच प्रमाणात जड होतो, म्हणून डिफरन्शियलचे दाते बदलावे लागतात. ब्रेक, स्टिअरिंग आणि ॲक्सल यांच्यावर ताण येतो. पाच इंचांनी वाढलेला टायर ॲक्सलला अडीच इंचच उचलतो. शिवाय उतरवलेली हवा डांबरी रस्त्यावर पुन्हा भरावीच लागते, नाहीतर टायर तापून फुटतो. म्हणून माझ्या मते निवडीचा क्रम उलटा हवा : आधी जमीन कोणती ते पाहावे, मग ओझे कमी करावे, मग हवा उतरवून पाहावी, तेवढ्याने भागत नसेल तर टायरचे माप वाढवावे.

स्नो क्रूझर १९४६ मध्ये दुसऱ्या अमेरिकी मोहिमेला सापडली. टायरमध्ये हवा भरली आणि थोडी डागडुजी केली, तर ती चालण्याजोगी होती. १९५८ मध्ये बांबूच्या खुणेवरून ती पुन्हा बर्फाखालून उकरली गेली, आणि मग कायमची नाहीशी झाली.

नोव्हेंबर २०१० मध्ये मात्र गोव्यातील वास्कोच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे आठ जणांचे पथक, संचालक रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली, भारताच्या मैत्री केंद्रावरून निघाले आणि २२ तारखेला दक्षिण ध्रुवावर पोहोचले. त्यांच्या गाड्या आइसलँडच्या ‘आर्क्टिक ट्रक्स’ने तयार केल्या होत्या. टायर ४४ इंची, म्हणजे पोल्टर यांच्या टायरच्या निम्म्याहूनही कमी उंचीचे. त्यांत हवाही थोडीच होती.