फेव्हरिट-लाँगशॉट पूर्वग्रह

घोड्यांच्या शर्यतीत जिंकण्याची फारशी आशा नसलेल्या घोड्याचा (लाँगशॉट) भाव त्याच्या खऱ्या शक्यतेच्या मानाने अपुरा आणि सर्वांच्या पसंतीच्या घोड्याचा (फेव्हरिट) भाव तुलनेने रास्त राहण्याची जी प्रवृत्ती दिसते, तिला ही संज्ञा आहे. एकास चार या भावात जिंकण्याची २० टक्के शक्यता गृहीत असते. तीन घोड्यांचे भाव एकास एक, एकास दोन व एकास चार असतील, तर शक्यतांची बेरीज १०३.३ टक्के होते आणि शंभरावरची ही वाढ म्हणजे बुकीचे मार्जिन. हे मार्जिन सर्व घोड्यांवर सारखे वाटले जात नाही, हा या विषयाचा गाभा आहे.

आर. एम. ग्रिफिथ यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतील शर्यतींच्या आधारे ही प्रवृत्ती प्रथम मांडली. एरिक स्नोबर्ग व जस्टिन वुल्फर्स यांच्या २०१० च्या निबंधानुसार तेथे केवळ फेव्हरिटवर पैसे लावणाऱ्याचे शंभर डॉलरमागे सरासरी साडेपाच, तर एकास शंभर वा त्याहून चढ्या भावाच्या घोड्यांवर लावणाऱ्याचे सुमारे ६१ डॉलर बुडतात. अल्प शक्यता फुगवून पाहण्याच्या मानवी सवयीकडे त्यांनी याचे कारण नेले आहे; जोखमीची आवड हे कारण मानणारा पक्षही आहे. मात्र ही आकडेवारी टोटची, म्हणजे जमा रकमेतून कपात करून उरलेली रक्कम विजेत्यांत वाटणाऱ्या पद्धतीची असल्याने, तीत दिसतो तो पैज लावणाऱ्यांचा कल.

बुकी भाव स्वतः ठरवतो. घोड्याची आतली बातमी असलेल्या गिऱ्हाइकाकडून मोठा फटका बसू नये म्हणून तो लाँगशॉटचा भाव मुद्दाम आखडता ठेवतो, असे ह्यून साँग शिन यांनी १९९० च्या दशकारंभी दाखवले; तसे असेल तर याला बुकीची चूक म्हणण्यापेक्षा सावधगिरी म्हणणे योग्य. बुकी व टोट यांच्या भावांतील फरकाचे एक उदाहरण : इंग्लंडमधील ग्रँड नॅशनल या शर्यतीत १९६७ मध्ये एका कुंपणापाशी बहुतेक घोडे अडखळले आणि मागून आलेला फॉइनाव्हन जिंकला, तेव्हा बुकींचा भाव एकास शंभर होता. त्याच घोड्यावर टोटने एकास ४४४ दिले.

हाँगकाँगमधील शर्यतींत ही प्रवृत्ती आढळली नाही, असे बुशे व हॉल यांनी १९८८ मध्ये नोंदवले.

भारत : मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर टोट व परवानाधारक बुकी अशा दोन्ही मार्गांनी पैजा घेतल्या जातात.