बाळंतिणीचं पथ्य : बाजेपासून तारनाक्यापर्यंत

लेक बाळंतपणाला माहेरी आली की डिंक, अळीव, खारीक, सुंठ, बाळंतशेपा यांची यादी होते. हैदराबादेतल्या मराठी घरांतही हे चुकलं नाही. शेजारणींमुळे उलट भरच पडली. तेलुगू घरी 'बालिंत'साठी (शब्द आपल्या बाळंतिणीचा भाऊबंदच) तुपातलं लसणाचं तिखट, तर जुन्या शहरात ओव्याची अछवानी आणि चाळीस दिवसांचा चिल्ला. आपला सव्वा महिना याच्या जवळचाच.

यामागची समजूत जुनी आहे : प्रसूतीनंतर अंगातली ऊब जाते, वात वाढतो, अग्नी मंदावतो. चरकसंहितेत सूतिकेला पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक, सुंठ घालून स्नेह आणि तो पचल्यावर पातळ यवागू सांगितली आहे. बाळंतकाढा त्याच वळणाचा.

पण यादीला दुसरी बाजूही होती, ती वर्ज्यांची. दही, केळं, काकडी थंड, बटाटा, वांगं, हरभराडाळ वातूळ, पाणी घोटभर. आईचा पहिला चीकही कित्येक घरी बाळाला देत नसत. ज्या घरी साजूक तूप होतं तिथे हे निभावलं. गरिबाघरी लाडू येत नसत, वर्ज्यं मात्र सगळी पाळली जात. बाळंतीण खंगे ती तिथे.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. मूल दहा दिवसांत गेलं. १८८६ साली फिलाडेल्फियात एम.डी. होताना त्यांनी प्रबंधासाठी विषय घेतला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. मला ही निवड योगायोगाची वाटत नाही.

या समजुतींना तराजू लावणारी संस्था पुढे आपल्याच गावी आली. १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी सुरू केलेलं काम १९५८ मध्ये हैदराबादेत हललं. १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था. डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांच्या १९७१ च्या कोष्टकात शंभर ग्रॅम अळिवात १०० मिलिग्रॅम लोह नोंदलं आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असंही संस्था सांगते. म्हणजे लाडवाची बाजू भक्कम. पाणी आणि डाळ तोडण्याला मात्र तिथे आधार नाही. दूध पाजणाऱ्या बाईला तहान जास्तच लागते.

शेपू तेवढा दोन्हीकडे पास. तो आवडतो का, हे बाळंतिणीला अजून कुणी विचारलेलं नाही.